बोलणाऱ्यांची नावे

साडेसातला चावी मिळते.
शिपाई म्हणतो, बाई, पंखा दोनवरच ठेवा,
तीनवर तो छत सोडेल.

खोली तिसरी ब ची. कोपरखैरण्याची पालिकेची शाळा,
खिडकी लावली तरी रिक्षा आत येतात,
म्हणजे त्यांचा आवाज.
बाकं आठ वर्षांच्या गुडघ्यांसाठी केलेली.
बबन ढेबे, वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या वाहणारे,
त्यात आडवे बसतात, पाय वाटेत सोडून,
ट्रकच्या फाळक्यावर बसावं तसे.

भिंतीवर ससा आहे. गाजर खातोय.
कौसल्या उतेकर पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
ह्यो ससा बघितला की ल्हान झाल्यागत वाटतं,
आन् ल्हान झालं की मार आठवतो.
त्यानंतर गप्प.
सगळेच गप्प.

मला शिकवलं होतं : उजेड डावीकडून यावा,
फळा डोळ्यांच्या रेषेत असावा.
दुपारच्या खिचडीचा वास
गजांना चिकटून राहतो, हे नव्हतं शिकवलं.
त्या वासानं यल्लव्वाला भूक लागते,
भुकेनं घर आठवतं,
आणि वहीत 'घर' लिहायला गेली
की 'धर' होतं.
मी खोडत नाही. दोन्ही खरंच आहे.

एकदा ससा काढून ठेवला.
सकाळी मुलं रडली म्हणे. परत लावला.
एकदा बाकं भिंतीला सारली,
ढेबेंनी रिकामी पोती आणली, गोल बसलो.
कांद्याच्या सालींनी सगळ्यांना शिंका,
जैबून तर शिंकता शिंकता हसली,
तेवढंच हसू त्या महिन्यातलं.
दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांची चिठ्ठी :
फरशीवर ओरखडे उठले आहेत.
बाकं जागेवर.
पाय वाटेत.

सात आठवडे मी विचारत होते
आणि ते बाकावर कोरलेली नावं बघत होते.
मला वाटायचं, थकून येतात.
मला वाटायचं, माझंच चुकतं काहीतरी,
रोज बसमध्ये तेच उगाळत घरी.

मग एका मंगळवारी
कौसल्याबाई माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत
वाचायला लागल्या, मी न सांगता,
बो. ल. णा.
'ऱ्यां'पाशी अडल्या, पदर चावला, ओलांडला,
ची. ना. वे.
फळ्याच्या कोपऱ्यातली चौकट,
खाली बारीक अक्षरात 'पुसू नये',
म्हणून रोज फळा पुसताना मी तेवढी सोडायची,
आणि तिच्याकडे पाठ करून विचारायची,
बोला ना, कुणीतरी बोला.

बाई, हे आमाला न्हवं?
आमी म्हटलं, नेम असंल हितला.

अक्षर येत नव्हतं तेव्हाही
त्यांना ती चौकट कळली होती.
मला अक्षर येत होतं.

त्या उठल्या. गुडघा बाकाला लागला, 'आई गं' म्हणाल्या.
खडू घेतला. आरव, स्वरा, पुन्हा आरव,
त्यांच्याखाली लिहिलं : कौसल्या.
'ल्या' चौकटीबाहेर गेला.
ढेबेंनी आडनावच लिहिलं, हजेरीपटावर असतं तसं.
यल्लव्वा 'य' काढून थांबली,
एका नावात दोन जोडाक्षरं घालणाऱ्या
आईबापांना तिनं कानडीत काहीतरी ऐकवलं,
आणि मग जे सुरू झालं,
भाव, सासू, बिलाचा हप्ता, कोणाचा 'ध' कोणाचा 'घ',
शिपाई वर बघायला आला,
पंखा तीनवर होता.

बुधवारी आले तर नावं तशीच.
मॉनिटरनं पुसली नव्हती.
उलट कौसल्यासमोर ठळक तीन फुल्या,
ढेबेंपुढे एक.

कौसल्याबाईंनी बोटानं मोजल्या.
सकाळी तर मी चार घरची भांडी घासत हुते, बाई.
मग कवा बोलले?

आणि उत्तराची वाट न बघता
शेजारणीला सांगत सुटल्या.